डाव्या पायाचा फर्मा

उस्तादांना माणसं फक्त गुडघ्यापर्यंत माहीत आहेत, असं त्यांची लेक म्हणायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. त्यांचा कारखाना एका चारमजली इमारतीच्या तळघरात होता. कारखाना हे आपलं म्हणायला. खरं तर एक लांबट खोली, दोन कामाची बाकं, एक शिलाई मशीन आणि भिंतभर खुंट्यांना टांगलेले लाकडी पाय. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचा असा एक लाकडी जोड घडवायचा, त्याला फर्मा म्हणायचं, आणि त्यावर चामडं ताणून बूट शिवायचा, हा उस्तादांचा धंदा. खोलीला खिडकी एकच, छताला चिकटलेली. बाहेरून ती फुटपाथच्या पातळीला यायची, त्यामुळे आतून दिसायचे ते नुसते पाय. पन्नास वर्षं उस्ताद त्या खिडकीखाली बसून बूट शिवत होते आणि मधूनमधून मान वर करून जगाची खबर घेत होते. ‘बँकेतले साहेब आज घरी भांडून निघालेत,’ असं ते नुसत्या टाचांवरून सांगायचे आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

इतके पाय बघितल्यावर माणूस तत्त्वज्ञ होणारच. उस्ताद जरा जास्तच झाले होते. कपडे बदलावेत तसा आत्मा देह बदलतो, असं सगळे म्हणतात. उस्तादांना ते पटत नसे. ‘कपडे नव्हे, बूट,’ ते म्हणायचे. ‘कपडा अंगावर नुसता लोंबतो. बुटात माणूस शिरतो, त्याला आपला आकार देतो, झिजवतो आणि मग नवा घेतो. झिजवायची तऱ्हा मात्र तीच राहते.’ त्यांचं म्हणणं असं, की चेहरा येतो आईबापाकडून, अक्कल येते टक्केटोणपे खाऊन, पण चाल मात्र आत्मा जन्मोजन्मी स्वतःबरोबर घेऊन हिंडतो. प्राण सगळ्या शरीरात असला तरी त्याचा मुक्काम तळपायात. माणूस चालतो म्हणजे त्याचा प्राण जमिनीवर सही करत जातो. हे सगळं ते गिऱ्हाइकाच्या पायातला बूट काढून घेतल्यावर सांगायचे. बिचारं गिऱ्हाईक एका मोज्यावर जाणार कुठे? मान डोलवत बसायचं.

या सगळ्या तत्त्वज्ञानाच्या मुळाशी एक डावा पाय होता. तो त्यांच्या बायकोचा.

तिची चाल उस्तादांना झोपेतसुद्धा ओळखू आली असती. उजवं पाऊल ठाम पडायचं. डावं आधी बाहेरच्या कडेवर टेकायचं, चवडा किंचित बाहेर वळायचा आणि तो जमिनीला लागताना ती जरा बिचकायची, गरम फरशीवर पाय पडल्यासारखी. पाय दुखायचा. लग्नानंतर वर्षभरात तिने तसं सांगितलं, तेव्हा उस्ताद थट्टेत म्हणाले, ‘संचित आहे बाई तुझं. मागच्या जन्मी या पायाने कुणाला तरी लाथ घातली असशील.’ दोघंही हसली. पण थट्टा पुन्हा पुन्हा केली की तिची थट्टा राहत नाही. दहाएक वर्षांत ती घरातली ठाम समजूत होऊन बसली. संध्याकाळी बायको कोमट पाण्यात पाय बुडवून बसायची आणि मनापासून म्हणायची, ‘बाबा रे, जो कोणी असशील तो, चुकले. आता सोड.’ तो जो कोणी होता त्याने काही सोडलं नाही. उस्ताद तिच्यासाठी दरवर्षी नवा जोड शिवायचे, सगळ्यांत मऊ चामड्याचा, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून ती तो घरातही घालायची. एकतीस वर्षांत एकतीस जोड.

वीस वर्षांपूर्वी तिच्या छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत ती गेली. शेवटच्या दिवशी शुद्धीवर होती. उस्ताद तिचा हात धरून म्हणाले, ‘घाबरू नकोस. तू परत येशील तेव्हा मी तुला चालीवरून ओळखीन. कुठेही असलीस तरी.’ ती म्हणाली, ‘पुढच्या जन्मी पाय तेवढा बरा मिळू दे.’ उस्तादांनी स्वतःचं वचन पक्कं लक्षात ठेवलं. तिचं मागणं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

तेव्हापासून ते खिडकीखालून हलले नाहीत. बहात्तरी गाठली, गुडघे कुरकुरायला लागले. लेक त्यांच्याबरोबरच काम करायची. तिने किती वेळा म्हटलं, ‘बाबा, आता घरी बसा, मी बघते सगळं.’ पण घरी खिडकी तिसऱ्या मजल्यावर होती. तिथून पाय दिसत नव्हते.

त्या बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला उस्ताद एका वकिलाच्या बुटाची टाच ठोकत होते. ओठांत चार बारीक खिळे धरलेले, हातात हातोडी. खिडकीतून एक पाय गेला. उजवा, ठाम. मग डावा. बाहेरची कड, वळलेला चवडा, बिचकणं.

खिळे ओठांतून टपटप खाली पडले. तीन सापडले, चौथा गिळला की काय, हे त्यांना दिवसभर कळलं नाही. पाय तर पुढे निघाले होते. उस्ताद उठले आणि ज्या अकरा पायऱ्या चढायला ते रोज दोनदा थांबायचे, त्या न थांबता चढले. पाठीमागून लेक ओरडली, ‘बाबा, अहो बाबा, काय झालं?’ तोवर ते रस्त्यावर होते.

‘अगं! अगं, थांब!’

पुढे चाललेली मुलगी वळली. हातात इस्त्रीच्या शर्टांचा गठ्ठा, कपाळावर घाम. तिला दिसला तो चामड्याचा एप्रन बांधलेला, हातोडी उगारलेला, डोळ्यांतून पाणी वाहणारा एक म्हातारा. ती दोन पावलं मागे सरकली यात तिची काही चूक नव्हती.

‘काय हवंय?’

उस्तादांना काय हवं होतं ते रस्त्यावर सांगण्यासारखं नव्हतं. ‘तुझा पाय,’ ते म्हणाले. मग ते कसं ऐकू गेलं असेल हे लक्षात येऊन घाईघाईने म्हणाले, ‘म्हणजे मी बूट करतो. खाली. डावा पाय दुखतो ना तुझा?’

मुलीचा चेहरा बदलला. ‘दुखतो! तुम्हाला कसं कळलं?’

कोपऱ्यावरच्या लाँड्रीत ती दोन महिन्यांपूर्वी लागली होती. शर्ट पोचवून ती परतीच्या वाटेवर खरंच तळघरात आली. लेकीने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. उस्ताद समोर बसून नुसते बघत राहिले. चेहरा वेगळा होता, आवाज वेगळा होता. ते साहजिकच होतं.

‘जन्म कधीचा तुझा?’

‘का हो आजोबा, तुम्ही पोलीस आहात का?’ मुलगी हसली, पण तिने तारीख सांगितली. एकोणीस वर्षं आणि काही दिवस. उस्तादांनी बोटं मोजली. बायको गेल्यानंतर अकरा महिन्यांनी. नऊ महिने पोटातले आणि दोन महिने प्रवासाचे, त्यांनी मनातल्या मनात हिशेब जुळवला. वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर स्टुलावर बसून पाणी पीत होतं.

त्यांनी तिच्या पायातला बूट काढून हातात घेतला. ‘शी, रेडिमेड,’ ते म्हणाले. रेडिमेड बुटांची त्यांना मनापासून शिसारी होती. पाय न बघता बूट शिवणं म्हणजे रोगी न बघता औषध देणं, असं ते म्हणायचे आणि त्यांच्या कारखान्यात त्याला सक्त बंदी होती. त्यांनी बूट उलटसुलट केला. ‘शिलाई मात्र बरी आहे. कुणीतरी शिकलेल्या माणसाने शिवलाय.’

मशीनवर लेकीचा पाय थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

‘मी तुला जोड करून देतो,’ उस्ताद म्हणाले. ‘आयुष्यभर. पैशांचं नाव काढायचं नाही. फक्त एक ऐक. हे दुखणं औषधाने जायचं नाही. हे तुझं मागचं आहे. मागच्या जन्मात, त्याच्याही मागच्या जन्मात, या पायाने कुणाला तरी दुखावलंय. मला पक्कं माहीत आहे.’

मुलगी हसायची थांबली. ‘मी? मी काय केलं?’

‘तू नाही गं. त्या वेळची तू.’

तिने पाय मागे ओढून बुटात घातला आणि ती उठली. आठ दिवसांनी ये, असं उस्तादांनी सांगितलं, तेव्हा तिने नुसती मान हलवली. पायऱ्या ती घाईघाईने, मागे वळून न बघता चढली. उस्तादांच्या ते ध्यानात आलं नाही. ते हवेत होते.

‘बाबा, माप तर घ्यायचं,’ लेक म्हणाली.

‘माप कशाला? माप आहे.’

माप होतं ते एका पेटीत, कपाटाच्या वरच्या फळीवर. बायको गेल्यावर तिचा फर्मा उस्तादांनी स्वतः मलमलीत गुंडाळून त्या पेटीत ठेवला होता आणि नंतर तिला हात लावला नव्हता. धीरच झाला नाही. आता ते उत्साहाने स्टुलावर चढले. लेक म्हणाली, ‘बाबा, राहू द्या. तिचं नवं माप घेऊ या ना.’ ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी पेटी खाली घेतली, झाकण उघडलं.

वीस वर्षांची धूळ असायला हवी होती. नव्हती. मलमलीची घडी दुसऱ्याच कुणीतरी घातल्यासारखी होती. फर्मा बाहेर काढला तर लाकूड चकचकीत, हाताळल्यासारखं. तळाला खिळ्यांची बारीक छिद्रं, एकेक ताजं. टाचेजवळ गोंदाचा एक थेंब होता. उस्तादांनी त्याला बोट लावलं. तो अजून चिकट होता.

क्षणभर त्यांना खरंच वाटलं, की ती येऊन गेली. स्वतःचा पाय शोधत शोधत.

‘बाबा,’ मशीन बंद झालं होतं. ‘तो मी वापरला.’

उस्तादांना आधी अर्थच लागेना. लेक हातातली दोऱ्याची रीळ फिरवत जमिनीकडे बघून बोलत होती. ‘तुम्ही मापाचेच बूट करता. महिन्याला किती होतात? चार. त्यावर चालतं का? मागच्या दोन वर्षांपासून मी रविवारी थोडे रेडिमेड करते. चौकातल्या दुकानात ठेवते. भिंतीवरचा फर्मा घेतला असता तर तुम्हाला लगेच कळलं असतं. पेटी तुम्ही उघडत नाही. आणि आईचा पाय अगदी चालू मापाचा होता. खूप जणींना बसतो.’

‘तुझ्या आईचा फर्मा,’ उस्ताद म्हणाले. ‘रेडिमेडला.’

‘मला बरं वाटायचं, बाबा. आईच्या पायाचे बूट घालून कुणीतरी हिंडतंय.’

‘किती जोड?’

‘चौदा.’

उस्तादांचा आवाज चढला. पोटच्या पोरीने आपल्या नाकाखाली दोन वर्षं हे करावं, आणि तेही त्या फर्म्यावर, हे त्यांना सहन होईना. त्यांनी तोंडाला येईल ते म्हटलं. मग बोलता बोलता उस्ताद मध्येच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला.

‘म्हणजे त्या पोरीच्या पायातला बूट याच फर्म्यावरचा?’

‘हो. मी शिलाई ओळखली.’

‘अगं वेडे, मग ऐक! चौदा जोड गावात गेले आणि त्यातला एक नेमका तिच्या पायात! आत्म्याने आपला बूट शोधून काढला! याहून आणखी काय पुरावा हवा तुला?’

लेकीने कपाळावर हात मारला. उस्तादांनी तिला तत्काळ माफ करून टाकलं आणि ते चामडं निवडायला लागले.

शुक्रवारी दुपारी ते दाराकडे पाठ करून रापीने चामडं कापत होते. पायऱ्यांवर पावलं वाजली. ठाम, मग सरकतं, मग बिचकणं. उस्तादांच्या चेहऱ्यावर हसू फुललं. आठ दिवस तरी कुठे थांबवतंय पोरीला! ‘ये ये,’ म्हणत ते वळले.

दारात टपालवाल्या बाई उभ्या होत्या.

या बाई पंचवीस वर्षं त्या गल्लीत सायकलवरून टपाल वाटत होत्या, त्यामुळे खिडकीतून त्यांची चाल सहसा दिसायची नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या, जाडजूड, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. उस्तादांची बायको जिवंत असताना तिच्या हातात त्यांनी कितीतरी पत्रं दिली होती. दोघी पायरीवर बसून गप्पा मारायच्या. त्या आता पार्सल घेऊन बाकापर्यंत आल्या, आणि त्यांचा डावा पाय बायकोचा पाय होता.

उस्तादांच्या हातातली रापी खाली पडली. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं. आत्मा एका वेळी दोन घरांत नांदत नाही, एवढं त्यांचं शास्त्र त्यांनाही ठाऊक होतं. आणि मैत्रिणीच्या जिवंतपणीच तिचा पुनर्जन्म घेऊन तिच्याशी गप्पा मारत बसणं हे तर कुठल्याच शास्त्रात बसत नव्हतं.

‘बाई,’ ते कसेबसे म्हणाले, ‘पायाला काय झालं?’

‘अहो, काय सांगू! सहा महिने झाले. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा. त्यांना काय जातंय सांगायला.’ बाई बाकाला टेकल्या. ‘घरी गेलं की उतरतं. रविवारी तर नावालाही दुखत नाही.’

‘रविवारी का नाही?’

‘रविवारी बूट नसतात ना पायात.’

उस्तादांनी बाईंच्या बुटांकडे बघितलं. तपकिरी, नीट शिवलेले. वर बघितलं तर लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाई गेल्यावर उस्ताद उठले आणि मापांच्या वह्या ठेवायच्या कपाटाकडे गेले. त्यांची पद्धत पक्की होती. गिऱ्हाइकाला कागदावर उभं करायचं, दोन्ही पायांवर सारखा भार द्यायला लावायचा, पेन्सिल सरळ धरून कड आखायची आणि आकृतीखाली ‘उभं’ असं लिहायचं. बसलेल्या माणसाचा पाय हा खरा पायच नव्हे. उभं राहिलं की तो पसरतो, चांगला दोन सूत, म्हणजे पाव इंच लांबतो. हे धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. ‘उभं’ लिहिलेलं नसेल त्या मापावर फर्मा करायचा नाही, हा उस्तादांचा स्वतःचा नियम होता.

तिची वही सगळ्यांत जुनी. पानं पिवळी पडलेली. उजव्या पायाची आकृती, खाली ‘उभं’. डाव्या पायाची आकृती. खाली काहीच नाही.

उस्तादांनी पट्टी लावली. उजवा नऊ इंच दोन सूत. डावा नऊ इंच. पुन्हा लावली. मग ते बाकावर बसले.

आठवलं ते एकदम लख्ख आठवलं. ती बावीस वर्षांची, वडिलांबरोबर बूट करायला आलेली. वडील दारात कुणाशी तरी बोलत होते. उजवा पाय आखून झाला. उस्तादांची पेन्सिल तिच्या घोट्याला लागली, गुदगुल्या झाल्या आणि ती हसत हसत मागच्या स्टुलावर बसली. बसल्या बसल्याच तिने डावा पाय पुढे केला. उस्तादांनी तो आखला. आखताना ते कागदाकडे बघतच नव्हते. त्यांना तिच्या हसण्यापुढे काही सुचत नव्हतं. डावा पाय जरा लहान दिसतोय, असं फर्मा करताना मनात आलं होतं. असतो पुष्कळांचा, म्हणून ते पुढे गेले. नंतर ती घरातच आली. घरच्या माणसाचं कुणी पुन्हा माप घेतं का? ‘तुझा पाय मला तोंडपाठ आहे,’ असं ते कौतुकाने म्हणायचे.

‘एकतीस जोड,’ ते म्हणाले. ‘एकतीस वर्षं मी तिला दोन सूत आखूड बुटात चालवलं. आणि वर तिलाच सांगितलं, की तुझं पाप आहे.’

लेक जवळ येऊन बसली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. चौदा जोड तिने शिवले होते. फर्म्याचा डावा पाय आखूड आहे हे तिला दिसत होतं, पण बाबांच्या मापावर शंका घ्यायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

‘बाबा, एक सांगू? तुम्ही घरात नसलात की आई अनवाणी असायची. तुम्ही कारखान्यात आलात, की पहिलं बूट काढून ठेवायची. मग आम्ही दोघी मागच्या लांब व्हरांड्यात पळापळी खेळायचो. मला कधी तिला पकडता आलं नाही.’

‘पळापळी?’ उस्तादांना वाटलं, आपण चुकीचं ऐकतोय. ‘ती पळायची?’

‘धूम पळायची.’

‘मग मला का नाही सांगितलंत? कुणीच का नाही सांगितलं?’

‘मी एकदा म्हटलं होतं तिला, की बुटानेच दुखतंय, बाबांना सांग. तर म्हणाली, “ते एवढं जीव ओतून करतात, त्यांच्या हाताला नाव ठेवू? आणि बुटाचं असतं तर त्यांना कळलं नसतं का? ते म्हणतात ना कर्माचं आहे, म्हणजे असणार.” मी लहान होते, बाबा. मला खरंच वाटलं.’

उस्तादांनी फर्मा हातात घेतला. त्यांना रडू आलं नाही. रडू येण्याच्या पलीकडे ते कुठेतरी जाऊन बसले होते. तिने त्यांच्यावर किती विश्वास ठेवला होता, याचीच त्यांना भीती वाटत होती.

लाँड्रीतली मुलगी आठव्या दिवशी आली ती दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले होते. ‘आजोबा, बूट नकोत मला,’ ती म्हणाली. ‘फक्त एवढं सांगा, मी कुणाला काय केलं होतं? मी आईला विचारलं, लहानपणी मी कुणाला मारलंबिरलं का. आठ दिवस झोप नाही मला. ज्याला दुखवलं त्याची माफी कशी मागायची असते?’

उस्तादांना ते वाक्य ऐकवेना. हीच माफी त्यांनी वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी ऐकली होती, शेजारच्या खुर्चीत बसून, चहा पीत.

‘बूट काढ, पोरी,’ ते म्हणाले. ‘दोन्ही. आणि दारापासून इथपर्यंत चालत ये.’

ती अनवाणी चालत आली. उजवं पाऊल ठाम, डावं पाऊल ठाम. कुठे बिचकणं नाही, वळणं नाही. एकोणीस वर्षांच्या कुठल्याही निरोगी मुलीची चाल. तिच्यात बायकोचं काहीही नव्हतं.

‘दुखलं?’

‘नाही.’ मुलगी स्वतःच्या पायाकडे बघत राहिली. ‘अनवाणी नाहीच दुखत.’

‘तू कुणाला काही केलेलं नाहीस. या जन्मी नाही, मागच्याही नाही. हा बूट चुकीचा आहे आणि तो चुकला माझ्यामुळे. मी तुला भलतंच सांगितलं. माझं चुकलं.’ उस्तादांनी हात जोडले. मुलीला काय करावं ते कळेना, तिने घाबरून लेकीकडे बघितलं. लेकीने मान हलवली, तशी ती स्टुलावर बसली आणि ओंजळीत तोंड घालून मोकळेपणी रडली.

मग उस्तादांनी तिला कागदावर उभं केलं. दोन्ही पायांवर सारखा भार द्यायला लावला, पेन्सिल सरळ धरली, दोनदा आखलं आणि दोन्ही आकृत्यांखाली ‘उभं’ असं ठळक लिहिलं. टपालवाल्या बाईंना लेकीने आदल्याच दिवशी नवा जोड कबूल केला होता. उरलेल्या बारा जणींसाठी दुकानदाराला गाठायचं होतं.

मुलगी जुने बूट हातात घेऊन अनवाणीच पायऱ्या चढली. खिडकीतून तिचे पाय गेले. उस्तादांनी मान वर करून ते बघितले, मग मागून येणारे बघितले, मग त्याच्याही मागचे. सगळे पाय आपापले सरळ चालले होते. पुनर्जन्मावरचा त्यांचा विश्वास तसूभरही हलला नव्हता, आणि तेच वाईट होतं. ती परत आली असेल तर बऱ्या पायाने आली असेल. वीस वर्षांत या खिडकीसमोरून कितीदा गेलीही असेल. आणि ते मात्र आपणच तिच्या पायात घातलेलं दुखणं शोधत बसले होते. तिची स्वतःची चाल त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

‘तू म्हणालीस ती पळायची,’ ते लेकीला म्हणाले. ‘कशी?’

‘कशी म्हणजे?’

‘म्हणजे पाऊल कसं टाकायची? आधी चवडा की टाच?’

लेकीने एप्रन सोडला, बूट काढले, मोजे काढले. एक्केचाळीस वर्षांची बाई, संसार असलेली, केसांत पांढरं आलेलं. ती दारापाशी गेली, क्षणभर डोळे मिटून आठवलं, आणि दारापासून खिडकीपर्यंत पळत आली. चवड्यांवर, टाचा जेमतेम टेकवत, हात थोडे फाकवून, आणि वळताना एका पायावर गर्रकन गिरकी घेऊन. लाकडी पाय खुंट्यांवर एकमेकांना थडकले.

‘अशी,’ ती धापा टाकत म्हणाली.

उस्ताद बाकावरून उतरून जमिनीवर बसले होते, पाय नीट दिसावेत म्हणून. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

‘पुन्हा एकदा पळ,’ ते म्हणाले. ‘मला बघून ठेवू दे.’